काचेच्या पेटीतला बाबा

सोनेरी ऑइलपेंट टर्पेंटाइननं निघतो, असं मी जन्मभर शाळेतल्या मुलांना सांगत आले. निघतो, खोटं नाही. पण नखांच्या कडेला बसलेला काही केल्या निघत नाही. जुन्नर-आंबेगावहून परत येऊन आठवडा होत आला तरी माझा उजवा हात चमकतोय, आणि सोसायटीतली जी भेटेल ती विचारते, "अय्या, हे काय?" प्रत्येकीला तेच ते सांगून घसा बसला. म्हणून आता एकदाच लिहून काढते. जे तिकडं गेले नाहीत त्यांनी वाचावं. जे तिकडचेच आहेत त्यांनी माझ्यावर खुशाल रागवावं. मी त्यांच्यावर रागावूनच आले आहे, म्हणजे फिट्टंफाट होईल.

मी पुण्यात राहते, चित्रकलेची शिक्षिका होते, आता घरी असते. माझा मामेभाऊ किसन आळ्याला कांदा पिकवतो. आळे म्हणजे तेच, जिथं वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे. रेड्याची समाधी बांधणारं गाव आपलं आजोळ आहे, याचा मला लहानपणापासून अभिमान. किसनचा वैशाखात फोन आला, "आक्का, एक दिवस काढ. आपल्याकडं आता लई बघण्यासारखं झालंय. पुतळं, कमानी, म्युझियम, समदं दावतो." त्या 'झालंय' शब्दावरच मी सावध व्हायला हवं होतं. बघण्यासारखं होतं ते हजार वर्षांपूर्वीच झालेलं आहे. आता जे होतंय ते काय होतंय, हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

आळेफाट्यावरून निघताना

सकाळी किसनच्या गाडीत बसायला गेले तर मागच्या सीटवर एक बाई आधीच बसलेली. पन्नाशीची, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली.

"ह्या भामाबाई," किसन म्हणाला. "ह्यांची मेंढरं उन्हाळ्यात आपल्या रानात बसत्यात. खत पडतं ना. ह्यांचं घर निरगुडसरच्या पल्याड. आपल्याला म्युझियमला तिकडंच जायचंय, म्हनलं चला."

भामाबाईंना घर गाठायची घाई होती. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी हळद. पण घराच्याही आधी एक काम होतं. ते त्यांनी मला आळेफाटा सुटायच्या आतच सांगितलं.

"आमच्यात पयलं त्याल बाबाला," त्या म्हणाल्या. "बाबा म्हंजी आमचा मूळपुरुष. वाड्याच्या माळावर बसल्याला व्हता. त्याला त्याल-शेंदूर लागल्याबिगर नवऱ्याला हळद लागत न्हाई. माझ्या मालकाच्या येळंला लावलं, सासऱ्याच्या येळंला लावलं. आन आमी दिवाळी करून मेंढरं घेऊन कोकणात उतारलो तवर हितं रस्ता रुंद झाला. बाबा उचालला! जाऊ म्हनती म्युझमात ठेवलाय. आता म्युझम म्हंजी काय आसतं वो बाई? देऊळच ना?"

वाडा म्हणजे त्यांच्यात मेंढरांचा मुक्काम. मी म्हटलं, देऊळ नाही, पण नीट सांभाळून ठेवतात, काळजी करू नका. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. म्युझियमचे गुरुजी दुपारनंतरच दार उघडतात, असं किसननं फोनवर विचारून ठेवलं होतं. त्यामुळं भामाबाईंना दिवसभर आमच्याबरोबर फिरणं भाग होतं. त्या पिशवीतली तेलाची बाटली सांडू नये म्हणून तिला लेकरासारखी धरून बसल्या.

आणि मग कमानी सुरू झाल्या. दर गावाला एक. गाव शंभर उंबऱ्यांचं आणि कमान अशी की तिच्याखालून उंटावर बसून जावं! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. एका कमानीवर दोन घोडे होते. त्यातला एक घोडा चक्क हसत होता, दात दाखवून, एखाद्या नवीन निवडून आलेल्या माणसासारखा. एकीवर शर्यतीची बैलजोडी. बैल बरे होते हो, खरंच बरे होते. वशिंड, मान, पळतानाची ओढ, सगळं करणाऱ्याच्या हातात होतं. पण त्या बिचाऱ्यांच्या पोटाखाली देणगीदारांची नावं इतकी मोठी की बैल त्या नावांवरून घसरून पडतील असं वाटावं.

पुढं एका चौकात फायबरचा बिबट्या. किसननं मोठ्या अभिमानानं गाडी थांबवली.

"ठिपके बघितलेस का त्याचे?" मी विचारलं.

"का? काय झालं?"

"बिबट्याच्या अंगावर गोल ठिपके नसतात, किसन. मोडक्या बांगडीसारखे असतात, आत रिकामे. हे तर गोवर आलेलं मांजर आहे. आणि शेपटीला गोंडा? गोंडा सिंहाला असतो!"

"आक्का, खरा रातचा उसात येतो तवा आमी ठिपकं मोजत न्हाय बसत," किसन म्हणाला. "ह्यो निदान कुत्री तरी उचलत न्हाय."

मागून भामाबाई शांतपणे म्हणाल्या, "मेंढरं सुदिक भ्यायची न्हाईत ह्याला." मला त्या बाई तेव्हापासून आवडल्या. ज्या तालुक्यात लेकराबाळांना दिवस मावळला की आत घ्यावं लागतं, जिथं प्रत्येक घरात बिबट्याची एकतरी गोष्ट आहे, तिथल्या माणसांनी असा बिनदाताचा बिबट्या कसा चालवून घेतला? ज्याला रोज भितो त्याचं निदान तोंड तरी नीट बघितलं असेल ना!

पिंपळवंडीवरून आत

इथल्या गावाचं नाव मी घेणार नाही, कारण त्यांनी मला चहा पाजला. पिंपळवंडीवरून आत वळून बरंच गेल्यावर ओढ्याकाठी एक जुनं दगडी देऊळ आहे. मी लहान असताना मामाबरोबर तिथं आले होते. आत इतका गारवा, इतका काळोख, की खांबावरच्या आकृती डोळ्यांनी नव्हे, बोटांनी बघायच्या. एका खांबावर पायातला काटा काढणारी बाई होती. तिचं वाकणं, तो मुडपलेला पाय, हे मी नंतर शेकडो वेळा फळ्यावर काढलं आणि एकदाही त्या दगडासारखं जमलं नाही.

मी आत गेले आणि किंचाळले.

सगळ्या देवळाला ऑइलपेंट! खांब गुलाबी, तुळया पोपटी, छताचं कमळ निळं. आणि ती काटा काढणारी? तिला पिवळा ब्लाउज दिलेला, लाल लिपस्टिक, पापण्यांना एक एक केस काढलेला. पायातला काटा रंगात बुडून गेला होता. आता ती बाई नुसती एका पायावर का उभी आहे, हे कुणालाच कळू नये.

कळसाचं काम चाललं होतं, म्हणून देवळाच्या कमिटीतले दोघे तिघे पारावर होते. मी तावातावानं बाहेर आले. "हे कुणी केलं?"

त्यांना वाटलं मी कौतुकानं विचारतेय. एक काका आनंदानं म्हणाले, "लोकवर्गणीतनं केलं, पावणं. कलशारोहण हाय ना. मुंबईचा रंग मागवला. पंधरा वरीस हालत नाय."

"हलायलाच पाहिजे! अहो, इतक्या जुन्या दगडाला रंग फासता? दगडाला श्वास असतो, त्याच्या आत पाणी कोंडतं, उद्या पापुद्रे सुटतील त्याचे!"

"आता दसऱ्या-दिवाळीला तुमी घराला रंग देता का नाय?" काका म्हणाले.

"देते."

"मंग देवानं काय पाप केलंय, राव? आमच्या घराला डिस्टेंपर आन त्याला काळं भिताड?"

पालथ्या घड्यावर पाणी. त्यात माझी साक्षीदार म्हणून मी भामाबाईंकडं बघितलं, तर त्या दारात हात जोडून उभ्या. "लई देखणं झालंय," त्या म्हणाल्या. "देवाला बरं वाटत आसंल." मला इतका संताप आला की मी तोल सावरायला दाराजवळच्या दगडी सिंहाच्या डोक्यावर हात टेकला. सिंह सोनेरी होता आणि ओला होता. सगळे हसले, मी सोडून. काकांनी रॉकेलचं फडकं आणून दिलं आणि वर साखर जास्त घातलेला चहा.

जुन्नर, भर दुपारी

त्या दिवसात एकच जागा अशी मिळाली की जिथं मी कुणाला काही बोलले नाही. जुन्नरच्या बाहेर हापूसबागेकडं एक जुना दगडी घुमट आहे, सौदागराचा घुमट म्हणतात. कुणी परदेशी व्यापारी असेल, त्याची कबर. चौकोनी, थोराड, काळसर, वर घुमट, भिंतींना कमानदार कोनाडे, आणि दगडात कोरलेली अक्षरं, जी मला वाचता येत नाहीत पण ज्यांची वळणं बघत मी उन्हाचं भान विसरले. कुणीही त्याला गुलाबी केलेलं नाही. आत पारवे घुमतात आणि आपला शब्द वर जाऊन मोठा होऊन परत येतो. मी हळूच म्हटलं, "सुटलास रे बाबा." घुमटानंही तेच म्हटलं.

भामाबाई मात्र सावलीला उकिडव्या बसून सूर्याकडं बघत होत्या. "बाई, किती वाजलं?" हा त्यांचा तोपर्यंत चौथा की पाचवा प्रश्न. मला थोडी लाज वाटली. एका बाईचं लग्नघर वाट बघतंय आणि मी तिला घुमट दाखवत फिरतेय.

जेवायला मासवडी घेतली. पुण्याच्या वाचकांसाठी सांगते: मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण, कांद्याचं खमंग सारण भरून तिला माशाच्या पाठीसारखा उंचवटा देतात, कापून वड्या करतात, आणि वर झणझणीत काळा रस्सा. पुण्यात या नावाखाली जे मिळतं ते खाऊन मत बनवू नका. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, किसनला ते बघून समाधान वाटलं, आणि भामाबाईंनी भाकरीला हात लावला नाही. बाबाला तेल लागेपर्यंत त्यांचा उपास होता. हे त्यांनी सकाळी सांगितलंच नव्हतं!

"अहो, मग आधी बोलायचं नाही का? मी घुमटात इतका वेळ..."

"तुमी लई लांबनं आल्या, बाई. बघा की निवांत."

मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. अन्न टाकायची मला सवय नाही.

निरगुडसरच्या पुढं

नारायणगाव, मंचर मागं टाकून निरगुडसरच्या पुढं गेलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. भामाबाईंच्या गावातल्या जुन्या चावडीच्या खोलीत म्युझियम होतं. दाराशी पाटी, पायरीशी जोत्यातून उरलेल्या दगडांचा ढीग, आणि स्वागताला गुरुजी. निवृत्त प्राथमिक शिक्षक, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी हे सगळं एकट्यानं उभं केलंय. आत गेले आणि सकाळपासूनचा माझा राग लोण्यासारखा विरघळला. जुनी मापं, पायली, शेर. लाकडी मोट. मेंढ्या कातरायच्या कात्र्या. शर्यतीच्या बैलांच्या झुली. एक रेडिओ, ज्याच्यावर लिहिलं होतं 'गावातला पहिला'. प्रत्येक वस्तूखाली गुरुजींच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी. रंग कुठं म्हणून कुठं फासलेला नाही.

आणि मधोमध काचेच्या पेटीत वीरगळ. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून कोरलेला दगड. एकावर एक तीन कप्पे. सगळ्यात खाली वीर लढतोय, मागं गाई, घोड्यावरचे शत्रू. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला वर नेतायत. वरच्या कप्प्यात तो पिंडीपुढं बसलाय, आणि डोक्यावर चंद्र-सूर्य. गाईची वळलेली मान सुद्धा स्पष्ट दिसत होती.

"गुरुजी! काय स्वच्छ ठेवलाय हो!"

"हिवाळाभर घासलाय, बाई," गुरुजी फुलून म्हणाले. "दात घासायच्या ब्रशनं. शेंदराचा थर इतका होता," त्यांनी वीत दाखवली. "आत काय आहे ते कुणाला ठाऊकच नव्हतं. नुसता लाल गोळा. रस्त्याच्या मशीनखाली जात होता, मी आडवा पडलो, ट्रॅक्टरनं आणला. शेंदूर पोत्यात भरून घोडनदीत सोडला, विधी करून."

"गुरुजी, कुणाला म्हणून हात लावू देऊ नका याला," मी म्हटलं. "या दोन तालुक्यांत शहाणा माणूस मला तुम्ही एकटेच भेटलात."

तेवढ्यात भामाबाई आत आल्या. बाहेर त्यांची जाऊ आणि आणखी दोघीतिघी बाया येऊन थांबल्या होत्या, त्यांना भेटून, पाय धुऊन, पदर डोक्यावर घेऊन, अनवाणी आल्या.

"गुरुजी, आमचा बाबा तुमच्याकडं हाय म्हनं."

"आहे, आहे. या. चप्पल घालून या, चालतं इथं."

"चप्पल कशी चालंल? बाबा हाय ना आत?"

गुरुजी गडबडले. भामाबाईंनी पिशवीतून तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी काढली, आणि आत्ता कुठं गुरुजींच्या ध्यानात आलं की ही बाई कशासाठी आली आहे. माझ्याही ध्यानात आत्ताच आलं. दिवसभर जिच्या बाबाचं ऐकत होते, तो बाबा आणि मी ज्याची तारीफ केली तो वीरगळ हे एकच होते, हे माझ्या पांढऱ्या डोक्यात शिरलं नव्हतं!

"तेल नाही लावता येणार, भामाबाई," गुरुजी म्हणाले. "आता ती पुरातन वस्तू आहे."

"उद्या हळद हाय, गुरुजी. पोराची. आज त्याल लागलंच पायजे."

"असं करा," गुरुजींनी तोडगा काढला, "काचेला लावा. वरून. मी नंतर पुसून घेतो."

माझा विरघळलेला राग पुन्हा घट्ट झाला. "काचेला? गुरुजी, तुमच्या लग्नात हळद तुम्हाला लावली होती की तुमच्या फोटोला?"

किसन दारात फिस्सकन हसला. गुरुजी दुखावले. "बाई, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, कुणाला हात लावू देऊ नका?"

"म्हणाले. आता म्हणते, उघडा."

"एकदा तेल लागलं की शेंदूर येतो. शेंदरामागून नारळ. सहा महिन्यांत पुन्हा गोळा होईल त्याचा. माझा अख्खा हिवाळा पाण्यात!"

"आणि यांची पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट? ती कुठल्या पाण्यात सोडलीत, घोडनदीच्या? विचारलंत यांना, दगड उचलण्याआधी? घासण्याआधी?"

"हे लोक कोकणात होते."

"मग थांबायचं! मशीनखालून काढलात, फार मोठं काम केलंत, पायाशी डोकं ठेवावं असं. पण शेंदूर काही रस्त्यात येत नव्हता. ही बाई सकाळपासून उपाशी आहे, गुरुजी. चावी काढा."

शाळेत या आवाजापुढं दहावीची पोरं गप्प बसायची. गुरुजी स्वतः जन्मभर तोच आवाज काढत आलेले, पण शेवटी त्यांनी चावी काढली. किसननं आणि त्यांनी मिळून पुढची काच उचलून भिंतीला टेकवली. मी बाजूला सरले. मनात म्हटलं, दिवसभरात एक तरी काम धड झालं. भामाबाई पुढं आल्या, खाली बसल्या, तेलाचं बूच काढलं आणि वर बघितलं.

"बाबा कुठाय?" त्या म्हणाल्या.

"हाच की. तुमच्या समोर."

"ह्यो?" त्यांनी वाकून बघितलं. "ही कोन मानसं?"

आता माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. मी उत्साहानं समजावलं, की हा खालचा वीर म्हणजेच तुमचा बाबा. गाई सोडवायला गेला, लढला, मेला, मग या अप्सरा त्याला...

"आमचा बाबा मेला न्हाई," भामाबाई म्हणाल्या.

मी दगडाकडं दाखवणारं बोट मागं घेतलं.

"त्यो बसून आसतो. राखणीला. मेंढराकडं बघत." त्यांनी पुन्हा दगड न्याहाळला, वरपासून खालपर्यंत. "आन आमच्यात गाई कवाच नव्हत्या. बाबाचं डोळं कुठंयत, गुरुजी? चांदीचं. सासूबाईंनी बसिवल्यालं."

गुरुजी टेबलापाशी गेले. खणातून त्यांनी एक जुनी कंपासपेटी काढली. तिच्यात कापसात दोन चांदीचे डोळे ठेवलेले होते, मध्ये काळी बुबुळं. "शेंदूर सोडला," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे सोडवेनात."

भामाबाईंनी डोळे तळहातावर घेतले. पिशवीतून मेणाचा खडा काढून मळला आणि डोळे दगडावर धरून बघितले. खालच्या कप्प्यात धरले, तर एका डोळ्याखाली वीर आणि दुसऱ्याखाली घोडा झाकून गेला. मधल्या कप्प्यात अप्सरांची रांग गेली. वर पिंडीपाशी धरले, तिथं दोन्ही मावेचनात. मी किती वर्षं मुलांना चेहरा काढायला शिकवलं, डोळे कुठं येतात, नाक कुठं; या दगडावर डोळ्यांना जागा नव्हती. शेंदराच्या गोळ्यालाच चेहरा होता, आणि तो नदीत गेला होता.

"हितं न्हाई बसत," त्या म्हणाल्या. "ह्यो आमचा न्हाई."

"तोच आहे हो, भामाबाई, तोच!" गुरुजी कळवळून म्हणाले. "माझ्या हातांनी आणलाय, माळावरून!"

"जागंवरनंच आनला आसंल, गुरुजी. मी कुठं न्हाई म्हनते?" त्यांनी बाटलीचं बूच पुन्हा लावलं, डोळे मुठीत धरले आणि उठून बाहेर गेल्या.

मला असा राग आला म्हणता! पण कुणावर? रस्त्यावर? त्याच गुळगुळीत रस्त्यानं मी आले होते. गुरुजींवर? तो माणूस आडवा पडला नसता तर दगडाची खडी झाली असती. स्वतःवर? घासलेल्या दगडाला सगळ्यात मोठ्यानं शाबासकी मीच दिली होती. मी भामाबाईंच्या मागं बाहेर आले.

भामाबाई पायरीशेजारच्या दगडांच्या ढिगापाशी उकिडव्या बसल्या होत्या. एक दगड उचलत, उलटा करत, ठेवून देत.

"ह्यो लई लांबाडा हाय," जाऊ म्हणाली.

"ह्यो?"

"ह्यो बरा. बाबावानी बसका हाय."

तो दगड त्यांनी पाण्यानं धुतला, पदरानं टिपला. तेलात शेंदूर कालवून थापला, दोन्ही हातांनी, भाकरी थापावी तसा. मेण मघाशी मळून मऊ झालेलंच होतं. एक डोळा बसवला, मग दुसरा, थोडं मागं सरून बघितलं, उजवा जरा खाली घेतला. आणि खरं सांगते, तो दगड बघायला लागला. बायांनी वर भंडारा उधळला. "बाबाच्या नावानं चांगभलं!" किसननंही म्हटलं. भामाबाईंनी बाटलीतलं उरलेलं तेल त्याच्या डोक्यावर ओतलं आणि कपाळ टेकलं. मग पिशवीतून भाकरी काढून तिथंच बसून खाऊ लागल्या.

गुरुजी उंबऱ्यात आले होते. त्यांनी त्या लाल दगडाकडं बघितलं, पायातली चप्पल काढली आणि हात जोडले. आत त्या दगडाभोवती हिवाळाभर ते चप्पल घालून वावरले होते.

"आणि आतला, भामाबाई?" त्यांनी विचारलं.

भामाबाईंनी घास गिळला, हात झटकले आणि बाबाला उचलून कडेवर घेतलं.

"त्यो आता तुमचा, गुरुजी," त्या म्हणाल्या. "काच लावून घ्या, धूळ बसंल."